कार्यक्रम रंगात आला की अर्धी हँग गप्प होते: दोष विजेत की नेटवर्कमध्ये?

लक्षण ओळखीचं आहे. साउंड चेकला सगळं ठणठणीत. रात्री गर्दी भरते, ढोल आणि बेस एकदम वाजतात आणि उजव्या हँगमधले, म्हणजे वर टांगलेल्या स्पीकरांच्या रांगेतले, खालचे पाच-सहा बॉक्स गप्प होतात. अर्ध्या मिनिटात आपोआप परत येतात. तेवढ्यात कोणीतरी धावत जाऊन एखादी केबल हलवलेली असते, म्हणून सगळ्यांची समजूत होते की दोष तिच्यातच होता. दुसऱ्या दिवशी गोदामात तीच केबल टेस्टरला लावली तर आठही दिवे लागतात. पुढच्या गावी पुन्हा तेच.

इथे सेल्फ-पॉवर्ड लाइन अरे गृहीत धरला आहे: अ‍ॅम्प बॉक्समध्येच, वीज पॉवरकॉन या विजेच्या जोडाने एका बॉक्समधून दुसऱ्यात, आणि सिग्नल इथरकॉन या नेटवर्कच्या जोडावरून, दान्ते या नेटवर्कवर आवाज नेणाऱ्या पद्धतीने, तसाच एकातून दुसऱ्यात. अ‍ॅम्प रॅकमध्ये असतील तरी बहुतेक गोष्टी लागू पडतात, फक्त साखळी रॅकपाशी संपते.

वेळ वाया जातो तो चुकीच्या बाजूला शोधण्यात. वीज क्षणभर खाली गेली की बॉक्समधला नेटवर्क स्विचही बंद पडतो. लॅपटॉपवर मग नेटवर्क तुटल्याचा लाल शेरा दिसतो आणि माणसं कॅट-सिक्स केबली बदलत बसतात. म्हणून केबलला हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं काढा: किती सेकंद गप्प, आणि कोण कोण गप्प.

किती सेकंद

गोदामात एकदाच तीन आकडे मोजून ठेवा. एक, बॉक्सची एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडून लगेच चढवली तर आवाज किती सेकंदांनी येतो. दोन, वीज चालू ठेवून फक्त इथरकॉन काढून परत लावला तर किती सेकंदांनी येतो. तीन, स्टेजवरच्या स्विचची वीज काढून परत दिली तर किती वेळाने. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, पण तिन्हींत फरक मोठा असतो. नुसतं नेटवर्क तुटलं तर आवाज काही सेकंदांत येतो, बॉक्स रीस्टार्ट झाला तर त्याहून बराच जास्त वेळ जातो, आणि मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच पुन्हा बूट होत असेल तर एक-दोन मिनिटंही लागतात. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून कन्सोलजवळ (मिक्सरजवळ) लावा. कार्यक्रमात आवाज गेला की घड्याळाकडे बघायचं, आणि अर्धं निदान तिथेच होतं.

बॉक्सचे दिवे बघायला जमिनीवर एक माणूस हवा. दिवे चालू आणि आवाज नाही, तर नेटवर्क. दिवे विझून परत लागले, तर वीज. हे कळायला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

कोण कोण

एकच बॉक्स गेला तर दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या पॅचमध्ये (जोडणाऱ्या छोट्या केबलीत). एका बॉक्सपासून खालचे सगळे गेले तर गप्प झालेल्यांतला सगळ्यात वरचा, त्याच्या वरचा जिवंत बॉक्स, आणि त्या दोघांमधला तुकडा, एवढेच तीन संशयित. पूर्ण बाजू गेली तर मुख्य लाइन किंवा स्टेजचा स्विच. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर हँगकडे बघूच नका, जनरेटर आणि कन्सोलकडे बघा.

हे वाचता यावं म्हणून विजेचे गट आणि नेटवर्कचे गट मुद्दाम वेगळे पाडावेत. बारा बॉक्सची हँग असेल तर वीज चार-चारच्या तीन गटांत द्या आणि नेटवर्क सहा-सहाच्या दोन गटांत. मग ५ ते ८ गप्प झाले, त्यांचे दिवे गेले, आणि ९ ते १२ दिवे चालू असूनही गप्प झाले, तर गोष्ट स्पष्ट होते: विजेचा दुसरा गट गेला आणि त्यामुळे नेटवर्कचा दुसरा गट सातव्या बॉक्सपाशीच तुटला. दोन्ही गट सारखेच असते तर हे कळलं नसतं.

वीज: खरं व्होल्टेज साखळीच्या शेवटी मोजा

डीबीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीवर, २३० व्होल्ट दिसले म्हणजे हँगच्या टोकाला २३० आहेत असं होत नाही. तांब्याच्या वायरचा रोध काढायला सोपं गणित आहे: जाऊन-येऊन एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचा चौरस मिलिमीटरमधला आकार. स्टेजच्या डीबीपासून हँगच्या वरच्या बॉक्सपर्यंत ५० मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर. अडीच एमएमच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या, केबलला ०.७ ओहम होतात. एका लाइनवर सहा बॉक्स आहेत आणि संगीत चालू असताना प्रत्येकी सरासरी २ अ‍ॅम्पियर घेतात असं धरलं तर १२ अ‍ॅम्पियरला ८ व्होल्टच्या आसपास घट. बेसच्या ठोक्याला करंट दुप्पट झाला की १७ व्होल्ट. तेच दीड एमएमच्या केबलने केलं तर १.१७ ओहम आणि २८ व्होल्ट. चार एमएम वापरली तर १०.५ व्होल्ट. केबल तापली की रोध अजून वाढतो. साउंड चेकला आवाज कमी असतो म्हणून यातलं काहीच दिसत नाही.

वीज आणि नेटवर्क एकाच आवरणात असलेली हायब्रिड केबल घेताना तिचा विजेचा गाभा किती एमएमचा आहे हे आधी बघा. दीड एमएमच्या अशा केबली खूप विकल्या जातात. दोन बॉक्सच्या मॉनिटरला त्या चालतात. सहा बॉक्सच्या हँगची मुख्य लाइन म्हणून त्या अजिबात वापरू नयेत.

याच्या जोडीला जनरेटरकडून येणारी घट असते. एलईडी वॉल एकदम पांढरी झाली की जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) सावरेपर्यंत व्होल्टेज खाली जातं. डीबीपाशी २१५ आणि पुढे २८ व्होल्टची घट, म्हणजे बॉक्सला १८७. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायला याचं काही वाटत नाही. पण काही सप्लाय फक्त २३० साठी बांधलेले असतात, आणि काही सुरू होतानाच ११५ की २३० हे ठरवून टाकतात. ते या पातळीला स्वतःला बंद करतात आणि व्होल्टेज सावरलं की परत सुरू होतात. तुमच्या बॉक्सचं किमान व्होल्टेज डेटाशीटमधून काढून डीबीच्या दारावर लिहा.

मोजायचं असं. शेवटच्या बॉक्सच्या लिंक-आउटला पॉवरकॉन ते सॉकेट असा छोटा तुकडा लावा, त्यात मल्टिमीटर जोडा आणि मीटर मिन-मॅक्सवर ठेवून पूर्ण कार्यक्रम चालू द्या. रात्री किमान आकडा बघा. २०७ च्या खाली गेला असेल, म्हणजे २३० च्या दहा टक्क्यांहून जास्त घट, तर केबल जाड करा किंवा गट लहान करा. बॉक्स तेव्हा पडला नसला तरीही. ड्रमवर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं आवरण वितळतं.

आता जोड. केबलइतकाच दोष जोडांत असतो. जुना निळा-करडा पॉवरकॉन चालू भारावर काढायचा नसतो. निळा आत येणाऱ्या विजेचा, करडा बाहेर जाणाऱ्या विजेचा. भारावर ओढला की आत ठिणगी पडते, संपर्काला खड्डे पडतात, रोध वाढतो आणि जोड तापू लागतो. ट्रू-१ हा नंतरचा प्रकार भारावर काढता येतो, पण तो जुन्याशी जुळत नाही. दोन्हींत संपर्क पूर्ण होतो तो फिरवून खटका बसल्यावर. खटका न बसलेला जोड हाताने ओढल्याशिवाय कळत नाही, म्हणून लावल्यावर प्रत्येक वेळी मागे ओढून बघा. बाजारातले स्वस्त नकली जोड सैल बसतात. त्यात पैसे वाचवू नका.

हँगच्या वरच्या बॉक्सला दहा मीटर केबलचं सगळं वजन कनेक्टरवर लटकलेलं असेल तर वाऱ्याने हँग हलली की संपर्क हलतो. केबल आधी फ्रेमला किंवा ट्रसला (टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) बांधा, मग कनेक्टरपर्यंत सैल वळण ठेवा. रात्री वारा सुटल्यावरच दोष दिसतो अशी तक्रार असेल तर पहिली शंका इथे घ्या.

३२ आणि ६३ अ‍ॅम्पियरच्या प्लगांमध्ये स्क्रूखाली उघड्या तारा असतील तर फेरूल (तारांवर बसवायची धातूची नळी) क्रिंप करून बसवा. तारांची टोकं झाळून स्क्रूखाली दाबण्याची सवय चुकीची आहे: झाळण दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो आणि महिन्याभरात तोच प्लग काळा पडतो. पूर्ण भारावर अर्धा तास झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे जोड बघा. शेजारच्या तशाच जोडापेक्षा १०-१५ अंशांनी गरम असलेला जोड त्याच रात्री बाजूला काढा.

न्यूट्रल

तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवर १६० आणि दुसरीवर ३०० व्होल्ट येऊ शकतात. बॉक्स बंद पडून परत येतो तोपर्यंत ठीक. ३०० आले तर सप्लाय जळतो. रिकाम्या डीबीवर मोजून हे कळत नाही, कारण भार नसताना सैल न्यूट्रलही सगळीकडे २३० दाखवतो. म्हणून साउंड जोडण्याआधी एका फेजवर दोन हजार वॅटचा हॅलोजन लावा आणि तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. चांगल्या न्यूट्रलला ती एक फेज थोडीशी उतरते, बाकीच्या जागेवर राहतात. एक खूप उतरली आणि बाकीच्या चढल्या तर काहीही जोडू नका. जनरेटरच्या टर्मिनलपासून सुरुवात करून वायरमनकडून प्रत्येक जोड कसून घ्या. सुट्या एकेरी केबली असतील तर जोडताना आधी अर्थ (अर्थिंगची तार), मग न्यूट्रल, शेवटी फेज, काढताना उलट.

न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज भारावर २-३ व्होल्टच्या आत असावं. घुंकार येतो म्हणून कोणी अर्थची पिन कापत असेल तर त्याला तिथेच थांबवा. लोकांच्या डोक्यावर लोखंडी ट्रस टांगलेला आहे, त्यात अर्थशिवाय वीज सोडायची नाही.

शक्य असेल तिथे साउंडला वेगळा जनरेटर मागा. एलईडी वॉल आणि लाइट ज्या जनरेटरवर आहेत त्यावरच साउंड टाकलं की वरचे निम्मे दोष विकत घेतल्यासारखं होतं.

एमसीबी आणि आरसीडी उडते

जनरेटरचा चेंजओव्हर (वीज एकीकडून दुसरीकडे घेणं) झाला आणि वीज परत आली, तरी एमसीबी उडाली. याचं कारण ओव्हरलोड नसतं. सगळे बॉक्स एकाच क्षणी कपॅसिटर भरू लागतात. सी प्रकारची १६ अ‍ॅम्पियरची एमसीबी क्षणिक ८० ते १६० अ‍ॅम्पियरला उडते आणि सहा बॉक्स मिळून तेवढं सहज ओढतात. गट लहान ठेवा आणि एका गटानंतर दुसरा तीन-चार सेकंदांनी चालू करा. तासभर चालल्यावर विनाकारण उडणारी एमसीबी वेगळी. ती ३० अंश तापमान धरून बनवलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात ठेवलेल्या लोखंडी डीबीत ती ठरल्यापेक्षा कमी करंटला उडते. डीबी सावलीत ठेवा, त्यावर ताडपत्री थेट टाकू नका.

३० मिलीअ‍ॅम्पियरची आरसीडी (अर्थकडे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) १५ ते ३० च्या दरम्यान कधीही उडू शकते. प्रत्येक सप्लायच्या फिल्टरमधून एक-दोन मिलीअ‍ॅम्पियर अर्थकडे जातातच. एका आरसीडीवर बारा बॉक्स टाकले तर दोष नसतानाही ती काठावर असते, आणि दव पडलं की उडते. उपाय एकच, चार-चार बॉक्सच्या गटाला वेगळी आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीडी एकत्र). गळती बघायची असेल तर गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्या. जो फरक दिसेल ती गळती. आरसीडी बायपास करून कार्यक्रम पार पाडणं मान्य होऊ नये.

नेटवर्क: टेस्टरवर पास, मैदानावर नापास

आठ दिव्यांचा टेस्टर फक्त तार सलग आहे की नाही हे सांगतो. जोड्या बरोबर आहेत की नाही हे त्याला कळत नाही. रंगांच्या क्रमाने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या लावून क्रिंप केलेली केबल त्या टेस्टरवर पास होते, दोन मीटरला चालतेही, आणि ५० मीटरला गळपटते. कारण इथरनेटला ३ आणि ६ ही एकमेकांना पीळ घातलेली जोडी हवी असते. क्रम असा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

पुढची तपासणी फुकटची आहे: लिंकचा वेग बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला फक्त १, २, ३, ६. गिगाबिट असायला हवा तिथे १०० दिसतोय, तर निळी किंवा तपकिरी जोडी तुटत आली आहे. बरेच स्विच अशा वेळी गुपचूप १०० वर उतरतात. काही मात्र लिंक जोड-तोड करत राहतात आणि तेव्हा आवाज मधूनमधून जातो. काही बॉक्सचा पोर्ट मुळातच १०० चा असतो, ते आधी माहीत करून घ्या. दान्ते कंट्रोलरच्या नेटवर्क स्टेटसमध्ये वेग आणि पॅकेट एरर दोन्ही दिसतात. एरर शून्यच असायला हवेत. कार्यक्रमाआधी तासभर गाणं लावून ठेवा. एका बॉक्सचा आकडा वाढत असेल तर त्याच्या येणाऱ्या केबलवर संशय.

तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि दौऱ्याच्या कामात चार महिन्यांत आतून तुटते. ओळखायला: एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा जोडा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने ओहम मोजा. चांगल्या तांब्याची २४ गेजची ५० मीटर केबल ९ ओहमच्या आसपास दाखवते, अ‍ॅल्युमिनियमची १३ च्या. तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी दिसते. भिंतीत टाकायची एकसंध तारेची केबलही दौऱ्यात वापरू नका, ती वाकून वाकून तुटते. बारीक तारांची लवचीक केबल हवी, आणि तिला बारीक तारांसाठीचेच आरजे-४५ हवेत.

१०० मीटरची मर्यादा ही एकसंध तारेची आणि मोजक्या जोडांची आहे. लवचीक केबलला घट जास्त असते आणि प्रत्येक कपलर (दोन केबली जोडणारा जोड) थोडं खातो. ७० मीटरच्या पुढे तांबं नेऊ नका. मिक्सरपासून स्टेजपर्यंत फायबर टाका. त्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे: मिक्सर आणि स्टेज वेगवेगळ्या जनरेटरवर असतील तर शिल्ड असलेल्या कॅट केबलमधून दोन अर्थांमधला करंट वाहू लागतो. फायबरमध्ये तो प्रश्नच उरत नाही. फायबरचं टोक प्रत्येक वेळी लावण्याआधी क्लीनरने पुसा; मैदानावरच्या धुळीचा एक कण पुरतो.

विजेच्या केबलशेजारी नेटवर्कची केबल गेली म्हणून दोष येतो असं बरेच जण सांगतात. पीळ घातलेल्या जोड्या आणि पोर्टमधले ट्रान्सफॉर्मर यांमुळे तसं क्वचितच होतं. डिमरच्या (लाइट मंद-तेज करणाऱ्या यंत्राच्या) जाड केबलीपासून फूटभर दूर ठेवा, काटकोनात ओलांडा आणि पुढे जा. त्यापेक्षा टायने आवळलेली, कारच्या चाकाखाली आलेली, तीव्र वाकवलेली केबल शोधा.

डिसेंबर-जानेवारीत उघड्या मैदानावर पहाटेपर्यंत दव पडतं, कोकणात हवा खारी असते. साधा इथरकॉन पाणी रोखत नाही. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झुकणारं वळण द्या म्हणजे थेंब तिथून गळून जातो. प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बांधू नका, आतच बाष्प साठतं.

सेटिंग

स्विचमधलं वीज वाचवणारं इथरनेट, म्हणजे ईईई किंवा ग्रीन इथरनेट, पूर्ण बंद करा. त्यामुळे घड्याळाचं सिंक हलतं आणि आवाजात टिचकी येते. क्यूओएसमध्ये (कोणतं पॅकेट आधी न्यायचं या सेटिंगमध्ये) डीएससीपी, म्हणजे पॅकेटवरचा अग्रक्रमाचा क्रमांक, ५६ सगळ्यात वर, त्याखाली ४६. प्रायमरी (मुख्य) आणि सेकंडरी (राखीव) ही दोन नेटवर्कं कुठेही एकमेकांना लागता कामा नयेत. घाईत सेकंडरीची केबल प्रायमरीच्या स्विचमध्ये गेली की सगळंच बसतं. रंग ठरवून घ्या आणि तो कधी बदलू नका. साखळीचं शेवटचं टोक परत स्विचला जोडायचं असेल तर स्विच आणि बॉक्स दोन्ही आरएसटीपी (नेटवर्कमधला वेढा आपोआप तोडणारी सोय) हाताळतात याची खात्री करा, नाहीतर पॅकेटांचं वादळ उठतं.

दान्तेची लेटन्सी (आवाज पोचायला राखून ठेवलेला वेळ) १ मिलिसेकंद असते ती साधारण दहा स्विचांपर्यंतच्या जाळ्यासाठी. प्रत्येक बॉक्समधला स्विच त्यात मोजला जातो. बारा बॉक्स एका साखळीत आणि वर मिक्सरचे दोन स्विच, म्हणजे चौदा. शेवटच्या बॉक्सांत टिचक्या येत असतील तर साखळी दोन भागांत तोडा किंवा लेटन्सी २ करा. पण सगळ्या बॉक्सना सारखीच. एका बॉक्सला १ आणि शेजारच्याला २ राहिली तर तो बॉक्स ३४ सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा वाजतो आणि हँगची सगळी ट्यूनिंग बिघडते.

स्टेजवरच्या स्विचला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. बॉक्स तग धरतात पण स्विचचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आधी मान टाकतो, आणि दीड मिनिट सगळं गप्प. अ‍ॅडॉप्टरची गोल पिनही टेपने पक्की करा. बॉक्सला अ‍ॅनालॉग इनपुट असेल आणि नेटवर्क गेल्यावर आपोआप त्यावर जाण्याची सोय असेल तर एक्सएलआर (साधी ऑडिओ केबल) टाकून ठेवा, आणि तो पर्याय चालतो हे साउंड चेकला नेटवर्क खेचून बघा.

कार्यक्रमात दोष आलाच तर चालू हँगखाली जाऊन केबली हलवत बसू नका. सेकंद मोजा, गप्प बॉक्सचे क्रमांक लिहा, त्या क्षणी रंगमंचावर काय चाललं होतं तेही लिहा: वॉल पांढरी झाली, धुराचं मशीन लागलं, वारा आला. हँग खाली उतरल्यावर संशयित तुकडा काढा आणि लगेच दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. एकाच टोकाला लावली तर केबल गुंडाळताना ते टोक आत जातं आणि पुढच्या गावी तोच तुकडा पुन्हा त्याच जागी लागतो.